वीणा कोणी घेतली

"बरं, मग वीणा कोणी घेतली?" शिवप्पा वकिलांनी चष्मा कपाळावर सारत विचारलं, आणि व्यंकट घोणसीकरचं तोंड उघडायच्या आत जज्जसाहेब भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून उठले. जेवणाची सुट्टी झाली. खुर्च्या सरकल्या, टायपिस्टनं यंत्रात कागद तसाच ठेवून बोटं मोडली, सरकारी वकील डबा शोधायला निघाले, आणि व्यंकट साक्षीदाराच्या कठड्यात दोन्ही पंजे लाकडावर टेकून, न दिलेलं उत्तर गालात धरून उभाच राहिला. सकाळपासून त्यानं कितीतरी प्रश्न परतवले होते. तक्रार कोणी दिली, सापळा कुठं लावला, पंच कोण होते, आरोपीचे हात कोणी धुतले. तो नोकरीला होता त्या केंद्राच्या तपास खात्यात, लोक ज्याला नुसतं सीबीआय म्हणतात तिथं, असले प्रश्न कसे झेलायचे हे शिकवतात. आणि त्याच्याही आधी तो लातूरला ह्याच शिवप्पांच्या, त्याच्या अप्पांच्या, हाताखाली वकिली करत होता, तेव्हा असले प्रश्न कसे फेकायचे तेही तो शिकला होता. पण वीणेचा प्रश्न त्यानं धरलाच नव्हता. दोन उन्हाळे झाले. पंचनाम्यात नाही, जबाबात नाही, साहेबांना पाठवलेल्या अहवालात नाही, कुठंच ती वीणा नव्हती. त्यानंच ती येऊ दिली नव्हती. आणि आज अप्पांनी ती अलगद उचलून भर कोर्टात त्याच्या पुढ्यात उभी केली. मागच्या बाकावर आरोपी बसला होता, ग्यानोबा, रेल्वेच्या मालधक्क्यावरचा बाबू. टोपी मांडीवर, मान खाली. प्रश्न ऐकून त्यानं मान वर केली, व्यंकटकडं बघितलं आणि पुन्हा खाली घातली, जशी कीर्तनात बुवांनी एखादं चरण सोडलं की टाळकरी घालतात.

उलटतपासणी अर्धी राहिलेल्या साक्षीदारानं सुट्टीत कुणाशी बोलायचं नसतं. व्यंकटला ते बरंच वाटलं. तो आवारात आला तर उन्हानं डोळे दिपले. नांदेडचं ऊन कोरडं नसतं म्हणतात, गोदावरी आहे ना. पण त्या साली गोदावरीच नव्हती, नुसती वाळू आणि मधे कुठंतरी हिरवट डबकं. कोर्टाच्या मागं टँकर आला होता आणि त्याच्या नळीखाली शिपाई, पक्षकार, चहावाला, काळ्या कोटातले दोन ज्युनिअर, सगळे आपापली भांडी घेऊन घुसले होते. त्या दोन कोटांकडं बघताना व्यंकटच्या पाठीवर अचानक घाम आला, त्याच जागी, जिथं त्याचा स्वतःचा कोट लातूरच्या उन्हात चिकटायचा. पाठीला सवय राहते. पाठीला कळत नाही की कोट उतरून वर्षं झाली. लातूर जिल्हा झाला त्या साली त्यानं तो कोट शिवला होता. काय दिवस होते! कालपर्यंत उस्मानाबादच्या एस.टी.त झोपा काढत तारखेला जाणारे वकील एका रात्रीत जिल्ह्याचे वकील झाले. नवं कलेक्टर ऑफिस, नवे साहेब, नव्या पाट्या, अजून ओल्या रंगाच्या. मिरवणूक निघाली, गुलाल उधळला, आणि अप्पांनी आपल्या कचेरीत पेढे वाटत त्याला सांगितलं, "व्यंकटी, आता मागं बघायचं नाही. जिल्हा झालाय, भांडणं वाढणार बघ." आणि हसले होते, पोट हलवत. त्यात वाईट काही नव्हतं. अप्पा गरिबाची फी सोडणारा माणूस, सोमवारी उपास धरणारा. पण ते हसणं व्यंकटच्या मनात कुठंतरी कुसळासारखं राहून गेलं.

त्या कोटाचा वास त्याला सगळ्यात जास्त सरजाबाईच्या दिवशी आला. ती दुष्काळी कामावर खडी फोडणारी बाई. मुकादमानं कामावर तिचा हात धरला, अंगाशी आला, म्हणून तिनं फिर्याद दिली होती. मुकादमाचं वकीलपत्र अप्पांकडं, आणि अप्पांना ताप, म्हणून उलटतपासणी व्यंकटकडं आली. ती खरं बोलत होती हे त्याला पहिल्याच वाक्याला कळलं. खरं बोलणाऱ्या माणसाला सगळं सारखंच आठवत नाही, तो तुकड्यातुकड्यानं सांगतो. खोटं बोलणारा सलग सांगतो. त्यानं त्या तुकड्यांत बोट घातलं. बाई, तोंड कुणीकडं होतं तुमचं? ऊन कोणत्या अंगाला होतं? डावा हात धरला का उजवा? आता उजवा म्हणता, मघाशी डावा म्हणालात. ती गोंधळली, मग रडकुंडीला आली, मग गप्प झाली. तिच्या गप्प होण्याचा आवाज त्याला ऐकू आला, मृदंगावरची शाई उडाल्यावर थाप बद्द वाजते तसा. मुकादम सुटला आणि व्हरांड्यात त्याच्या गळ्यात हार घालायला धावला. आणि त्या हाराच्या पलीकडून सरजाबाई आली. रागानं नाही. जवळ येऊन, खरोखर जाणून घ्यायचं म्हणून तिनं विचारलं, "बापू, माझं कुठं चुकलं वो?"

त्या रात्री तो जेवला नाही. उमानं, त्याच्या बायकोनं, ताट झाकून ठेवलं. पुढं कधीतरी पेपरात केंद्राच्या तपास खात्याची भरती आली, आणि त्याला वाटलं, हे बरं. इथं फिर्यादीही आपले नाहीत आणि आरोपीही आपले नाहीत. दिल्लीचं खातं, इथल्या पाटलाला, आमदाराला, मुकादमाला भिणार नाही. जे घडलं ते घडलं म्हणून लिहायचं. सत्याच्या बाजूनं उभं राहायचं, तेही पगार घेऊन! तरुणपणी माणूस असंच कुठंतरी देव बघतो. अप्पांनी त्याला दोन दिवस समजावलं, तिसऱ्या दिवशी नुसतं बघितलं. "जा. पण एक ध्यानात ठेव. वकील खोटं बोलला तर समोर दुसरा वकील असतो. तुझ्यासमोर कोण राहील?" उमा म्हणाली, तुम्हाला झोप लागत असेल तर जावा. आणि वडील, मुखेडच्या बाजूचं गाव त्यांचं, गावच्या देवळात सारी हयात वीणा धरलेली, ते पडवीत बसून तंबाखू मळत म्हणाले, "काळा कोट सोडला व्हय? कोट काळा व्हता ते दिसत तर व्हतं लेका. आता कोणता रंग घालशील, कोणाला कळंल?"

वडिलांना पावडर माहीत नव्हती. त्या खात्यात लाचेचा सापळा लावताना नोटांना एक पांढरी पावडर लावतात, दिसते न दिसते अशी. ज्याच्या बोटांना ती लागली त्याचे हात सोड्याच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं. बाटलीत भरून लाखेनं बंद करायचं, कोर्टात ठेवायचं. पहिल्यांदा प्रशिक्षणात त्यानं ते पाहिलं तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते, खरं सांगायचं तर. इथं ऊन कोणत्या अंगाला होतं हे कुणी विचारत नाही. डावा हात का उजवा, पाणीच सांगतं. सरजाबाईच्या हातावर असं काही असतं तर! पावडर लावायचं काम चांदपाशा हवालदाराकडं असे, आणि त्याचा एक कडक नेम होता. पावडर लावून झाली की तो हात धुऊन ऑफिसातच बसे, सापळ्याच्या जागी पाऊल टाकत नसे, आणि दुसऱ्या कुणाला नोटांना शिवू देत नसे. "साब, ये पावडर शैतान हय," तो म्हणायचा. "दिखती नै, छोडती नै. तुम हात नक्को लगाव."

हात नक्को लगाव. व्यंकट चालत चालत नदीच्या घाटावर आला होता. पायऱ्या संपल्या तरी पाणी आलं नाही. खाली वाळूत बाया झरा उकरून वाटीनं घागर भरत होत्या आणि वाटी घागरीच्या काठाला लागून टिण् टिण् वाजत होती. तो आवाज ऐकून त्याला तो दिवस नको असताना अख्खाच्या अख्खा आठवला. असाच उन्हाळा, असंच पाणी नसलेलं. लातूर-नांदेडच्या मधलं एक आडवळणाचं स्टेशन. जनावरं मरत होती आणि बाहेरून चाऱ्याचे डबे येत होते, आणि मालधक्क्यावर ग्यानोबाबाबू ज्याची पाळी त्याला डबा सोडत होता. चाऱ्याच्या एका व्यापाऱ्यानं तक्रार दिली, बाबू पाळी द्यायला पैसे मागतो. तक्रार खरी की खोटी हे बघायला आधी माणूस पाठवायचा असतो. पण वरून साहेबांचा फोन आला होता, दुष्काळ आहे, लोक चिडलेत, एक तरी मोठं दाखवा. व्यंकटनं माणूस पाठवला नाही. जीप काढली. जीपमध्ये तो व्यापारी घामानं निथळत होता. सारखा खिशात हात घालायचा, बाहेर काढायचा. एका खड्ड्यात जीप आदळली आणि त्याच्या खिशातून नोटांची घडी अर्धी बाहेर आली, पडायलाच लागली. व्यंकटनं पटकन हात पुढं करून ती आत सारली. एवढंच. बोटांनी, एक क्षण. खड्डा गेला, गोष्ट गेली.

ग्यानोबा मालधक्क्यावर नव्हता. दुपारची गाडी गेली की तो स्टेशनामागच्या विठ्ठलाच्या देवळात जाई. तिथं सप्ताह बसला होता. पाऊस पडावा म्हणून लोकांनी बसवलेला. सात दिवस नाम खंडायचं नाही आणि सात दिवस वीणा भुईला टेकायची नाही. एकानं पहारा संपवला की दुसऱ्याच्या गळ्यात घालायची. व्यंकटला हे सांगायची गरज नव्हती. त्याचा सगळा लहानपणचा उन्हाळा वडिलांच्या धोतराला धरून वीणेखाली गेला होता. मांडवाच्या दाराशीच तो थांबला. ओल्या तरटाचा वास, बुक्क्याचा वास, आणि त्या सगळ्याच्या तळाशी वीणेचा तो एकच सूर, कुठं जात नाही, कुठून येत नाही. दुपारी माणसं थोडी असतात, दोनचार म्हातारे टाळ घेऊन भिंतीला टेकलेले, एक बाई लेकराला पाजत असलेली. मधे ग्यानोबा उभा होता. डोळे मिटून, पायानं ठेका धरून, राम कृष्ण हरी म्हणत. त्याच्या त्या उभं राहण्यात काही दाखवणं नव्हतं. माणूस पाण्याच्या रांगेत उभा राहतो तसा तो देवापुढं उभा होता, पाळी येईल तेव्हा येईल. त्या क्षणी व्यंकटला वाटलं, परत फिरावं. पंचांना सांगावं, ह्या जागी माणूस धरायला नको. मग त्यानं बुटांचे बंद सोडले आणि व्यापाऱ्याला मानेनं खूण केली.

सगळे पाया पडायला जातात तसा व्यापारी गेला. वाकला, उठला, ग्यानोबाला मिठी मारली. वीणेकऱ्याला अशी मिठी मारतात, त्यात नवल नाही. मिठीत त्याचा हात ग्यानोबाच्या बंडीच्या खिशापाशी गेलेला व्यंकटनं बघितला. ग्यानोबानं डोळे उघडले नाहीत. त्याचे दोन्ही हात कामात होते, एक तारेवर, एक चिपळ्यांत. व्यापारी मागं आला आणि ठरल्याप्रमाणं टोपी काढली. मग सगळं एकदम झालं. माणसं धावली, कुणीतरी ओरडलं, टाळ थांबले, बाई लेकरू घेऊन उठली, म्हातारे बाहेर पळाले. ग्यानोबा मात्र तिथंच उभा, आणि तार वाजवत होता. "कोण हावसा तुमी? काय पायजे?" सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. खिशाकडं बघितलं. "येतो की. कुठं न्यायचं तिथं न्या. पन आधी वीणा धरा बाबा कोणीतरी. खाली ठेवता येत न्हाई." कोणी पुढं आलं नाही. पंच एकमेकांकडं बघायला लागले. व्यापारी केव्हाच दाराबाहेर. आणि ग्यानोबा पुन्हा म्हणाला, आता लेकराला समजावल्यासारखं, "एवढी धरा. मग हातकड्या घाला."

व्यंकट पुढं झाला. तो पुढं झाला असं म्हणणंही बरोबर नाही, त्याचे पाय गेले. आणि त्याच्या हातांनी ते केलं जे लहानपणापासून बघत आले होते. त्यांच्या भागातल्या मंडळीत वीणा घेणारा आधी देणाऱ्याचे दोन्ही पंजे आपल्या पंजांत घट्ट धरतो, कपाळाला लावतो, आणि मग मान पुढं करतो. त्यानं ते पंजे धरले. चिपळ्यांनी घट्टे पडलेले, गरम, घामानं ओले पंजे. कपाळाला लावले. ग्यानोबानं त्याच्या गळ्यात वीणा घातली आणि म्हणाला, "माउली." खरंच म्हणाला. जो अटक करायला आला त्याला माउली म्हणाला, कारण आता वीणा त्याच्या गळ्यात होती. मग शिपायांनी त्याला बाजूला नेलं, पितळी भांड्यात सोड्याचं पाणी केलं, त्याचे हात बुडवले आणि पाणी हळूहळू, पहाट फुटावी तसं गुलाबी झालं. एक पंच हळूच म्हणाला, "अरारा, घेतलेच म्हणायचे." व्यंकट वीणा गळ्यात घेऊन हे बघत होता. त्याला जीप आदळली तो खड्डा आठवला. नोटा आत सारणारी ती आपली बोटं होती. ह्या म्हाताऱ्यानं नोटेला हात लावला नव्हता, त्याच्या हाताला व्यंकट लागला होता.

तेव्हा बोलायचं होतं. तोंड उघडायला काय लागतं? बाहेर जीपचा भोंगा वाजत होता, लोक जमायला लागले होते, कुणी वीणा घ्यायला येत नव्हतं. दाराशी उभ्या माणसांकडं त्यानं मान पुढं केली, तर ती मागं सरली. कोणाला पोलिसाच्या गळ्यातून वीणा नको होती. भोंगा पुन्हा वाजला. मग त्यानं खिशातला रुमाल काढून जमिनीवर अंथरला आणि त्यावर वीणा ठेवली. तार अजून थोडी वाजत होती. मग थांबली. सप्ताहाला खंड पडला. त्या साली पाऊस झाला नाही, आणि पुढच्याही साली झाला नाही, आणि गाव म्हणायला लागलं, ग्यानोबानं पैसे खाल्ले म्हणून वीणा भुईला लागली, वीणा भुईला लागली म्हणून पाणी गेलं. हे सगळं व्यंकटला चांदपाशाकडून कळलं होतं. त्यानं स्वतः काही विचारलं नव्हतं. त्याला त्या वर्षी शाबासकीचं पत्र आलं होतं, आणि उमानं विचारलं होतं, "आता लागती का झोप?"

तो घाटावरून परतला तेव्हा सुट्टी संपत आली होती. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली ग्यानोबा आणि त्याची बायको नागुबाई फडकं सोडून बसली होती. भाकरी, ठेचा, एक पितळी तांब्या. तो वळून दुसरीकडं जाणार तेवढ्यात नागुबाई उठून आडवी आली. ठेंगणी, कपाळावर मोठं कुंकू, आवाज फाटलेला.

"ओ साहेब. जेवलात का?"

"अगं, त्यायला बोलू नको," मागून ग्यानोबा. "साक्ष चालू हाय. बोलायचं नसतंय."

"मी काय साक्ष मागाया लागले का? जेवलात का इचारलं. माणसाला माणूस इचारत न्हाई का?" ती व्यंकटकडं वळली. "अप्पा वकील म्हणले, कागदात कुठं तरी वरच्या साहेबाची सही चुकलेली हाय, त्याच्यावर सुटतेत हे. सुटतेत. नोकरीबी घावंल म्हणले. मी म्हणलं, पांडुरंग पावला. तर हे मानूस काय म्हणतंय ठाव हाय का? म्हणतंय, सुटून काय करू?"

"नागू, बस की खाली."

"बसते. मंडळी दारात उभं करतेत वो ह्यायला. कीर्तन चालू असलं की हे बाहीर, जोड्यांपाशी. आतून टाळ वाजतेत आन ह्यांचा हात इथं मांडीवर वाजतोय. वीणा मागितली तर इणेकरी म्हणला, बाबू, कोर्टानं सोडलं तरी पाणी लालच झालं व्हतं की. सगळ्या गावानं बघितलं. ते पाणी कोणतं कोर्ट पांढरं करतंय?" ती थांबली. तिला रडायचं नव्हतं, म्हणून तिनं पदरानं नाकच पुसलं. "मी बाई हाय, मला कळत न्हाई. पन अप्पानं इचारलं ते मलाबी इचारायचंय. त्या दिशी वीणा घेतली कोणी? गाव म्हणतंय कोण्या पोलिसानं, पन कोणत्या, ते कोणाला सांगता येत न्हाई. मी ह्यायला लई डाव इचारलं. सांगत न्हाईत. म्हणतेत, ध्यानात न्हाई. ज्यायला पन्नास सालाचं कीर्तन ध्यानात हाय, त्यायला हे ध्यानात न्हाई!"

व्यंकटनं दोन्ही हात पँटच्या खिशात घातले होते. कधी घातले त्याला कळलं नाही. ग्यानोबा त्या खिशांकडं बघत होता. बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं अर्धी भाकरी फडक्यात गुंडाळली, उठला, गुडघ्यावर हात टेकून सरळ झाला आणि कोणाला काही न सांगता वकिलांच्या खोलीकडं चालायला लागला. नागुबाई म्हणाली, "आता हे कुठं निघालं?" पण व्यंकट ते ऐकत नव्हता. त्याच्या आत काहीतरी सैल झालं होतं, खूप दिवस आवळलेली तार खुंटीवर एका वेढ्यानं सुटावी तसं. सांगायचं. सरळ आहे की. अप्पांचा प्रश्न कागदावर अर्धा टाइप झालाय. उरलेली ओळ आपण घालायची. वीणा मी घेतली. माझ्या हाताला पावडर होती. हे पाणी माझं आहे. खातं काढून टाकील, काढू दे. उमाला काय सांगायचं? उमा म्हणेल, बरं झालं. लातूरला परत जाऊ, अप्पा जवळ करतील, न केलं तर मुखेडला तालुक्याच्या कोर्टात बसू, टपरीसमोर टेबल टाकून. तो हसलासुद्धा. वडील असते तर म्हणाले असते, आता दिसतोय रंग. पायऱ्या चढताना त्याला खरोखर कीर्तन सुटल्यावरची हलकी भूक लागली.

कठड्यात उभा राहिला. लाकडावर सकाळच्या घामाचे दोन पंजे वाळून पांढरे झाले होते. त्यानं बरोबर त्यांच्यावरच पंजे ठेवले. टायपिस्टनं बोटं उचलली. जज्जसाहेब म्हणाले, "हं, प्रश्न राहिला होता. वीणा."

शिवप्पा उठले. त्यांनी चष्मा कपाळावर नेला नाही. व्यंकटकडं बघितलंही नाही. "साहेब, तो प्रश्न मी मागं घेतो."

"मागं?"

"अशिलाची इच्छा आहे." आणि मग, अगदी नाइलाजानं, जसं काही हे वाक्य आपल्या तोंडी शोभत नाही हे त्यांना ठाऊक होतं, "तो म्हणतो, ज्यानं वीणा घेतली त्याला तिथं उभं करून विचारायचं नाही. मला दुसरं काही विचारायचं नाही."

जज्जसाहेबांनी टायपिस्टला खूण केली. तिनं एक ओळ खोडली. यंत्र खडखड वाजलं. "साक्षीदार, तुम्ही जाऊ शकता."

व्यंकट उभाच. उत्तर तोंडात होतं, तयार, अख्खं, आणि प्रश्न निघून गेला होता. वकिली शिकवताना अप्पा पहिल्या दिवशी सांगायचे, साक्षीदारानं विचारल्याशिवाय बोलायचं नाही. तो मागच्या बाकाकडं बघायला लागला. ग्यानोबाची मान खाली, टोपी मांडीवर, आणि उजव्या हाताची बोटं टोपीवर हळू हळू ठेका धरत असलेली. त्यानं सोडवलं होतं. कोणाला? व्यंकटचे ओठ हलले. त्यानं स्वतःचा आवाज ऐकला, फार खालून, विहिरीतून आल्यासारखा, "ती मी घेतली."

जज्जसाहेबांनी पुढचा कागद उचलता उचलता मान वर केली. "काही म्हणालात का?"

पंख्याचा आवाज. सरकारी वकील चमकून त्याच्याकडं बघत होते. टायपिस्टची बोटं पुन्हा अधांतरी थांबली. एवढाच वेळ होता, आणि पुरेसा होता. आयुष्यभर कीर्तनात ऐकलं की देव एक क्षण देतो, तो हाच असावा, इतका साधा, शाईचे डाग पडलेला.

"नाही साहेब," व्यंकट म्हणाला. "काही नाही."

बाहेर आला तेव्हा टँकर निघून गेला होता आणि ओल्या मातीवर चिमण्या बसल्या होत्या. लिंबाखाली नागुबाई फडकं झटकत होती. ग्यानोबा मागून आला आणि त्याच्या पुढून गेला नाही, जवळ थांबला. व्यंकटला वाटलं, आता बोलेल. शिव्या दिल्या तर बरं. पण तो म्हणाला, "उपाशी दिसतोस. अर्धी भाकरी हाय." आणि तांब्या उचलला. "हात धू."

"तुम्हाला कळलं होतं," व्यंकट म्हणाला. "कधीपासून?"

"लई दिस लागले. म्या लई इचार केला बाबा, हात कोणाला लागले, कोणाला लागले. मग कळलं." तो तांब्या तिरपा करून थांबला. "मलाबी कळलं आन आता तुलाबी कळलं. तिसऱ्याला कळून काय? हात धू, पाणी थोडंच हाय."

व्यंकटनं हात पुढं केले. पाणी पडलं, बोटांवरून, पंजांवरून, मनगटावरून. तो डोळ्यांत जीव आणून त्या पाण्याकडं बघत राहिला, आता बदलेल, आता बदलेल. पाणी काही बदललं नाही. स्वच्छ, पांढरं पाणी त्याच्या हातांवरून खाली धुळीत गेलं आणि धुळीनं ते पिऊन टाकलं. "झालं," ग्यानोबा म्हणाला, आणि रिकामा तांब्या त्यानं बायकोकडं दिला.